शोकांतिकेंतील नायिकेचें शेवटचें खोटें



विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळीं इंग्लंडांत जीं शोकांत नाटकें लिहिलीं गेलीं, त्यांतील स्त्री हा आजच्या भाषणाचा विषय आहे. कोणी म्हणेल, चारशें वर्षांपूर्वीं थेम्स नदीच्या कांठीं लाकडी नाटकगृहांत झालेल्या खेळांशीं गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माणसांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार दूरचाहि नाहीं. धानाची कापणी आटोपली म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या झाडीपट्टींत मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्तानें रात्र-रात्र नाटकें चालतात. मंडपांत मांडी घालून बसलेल्या बायाबापड्या नायिकेच्या दुःखानें पदराला डोळे पुसतात. ही नायिका बहुधा सोसणारी असते. ती अशी कां असते, आणि तिचें सोसणें पाहून आपणांस समाधान कां वाटतें, या प्रश्नांचा माग काढूं लागलें तर तो मराठी रंगभूमीच्या शंभर-सव्वाशें वर्षांतून थेट शेक्सपीअरच्या दारीं जाऊन पोंचतो.

दोन मृत्युशय्या आपण शेजारीं-शेजारीं ठेवून पाहूं. पहिली 'ऑथेल्लो' नाटकांतील. 1604 सालीं इंग्लंडच्या राजदरबारांत या नाटकाचा खेळ झाला. संशयानें आंधळा झालेला सेनापति ऑथेल्लो आपल्या निरपराध पत्नीचा, डेस्डिमोनेचा, श्वास कोंडून प्राण घेतो. तिची सखी एमिलिया धांवत येते आणि विचारते, हें कोणीं केलें? प्राण जातां जातां डेस्डिमोना सांगते कीं, कोणींहि केलें नाहीं, माझें मींच केलें. आणि नवऱ्याला शेवटचा निरोप देते. दुसरी मृत्युशय्या राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' नाटकांतील. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजीं आपल्याच विदर्भांत, सावनेर येथें वारले, आणि त्याच वर्षीं हें नाटक रंगभूमीवर आलें. दारूच्या धुंदींत सुधाकराच्या हातून स्वतःचें मूल मरतें, पत्नी सिंधु घायाळ होते. आणि फौजदार चौकशीस येतो तेव्हां ती पतीला वांचविण्यासाठीं खोटी जबानी देते.

या दोन प्रसंगांमध्यें तीन शतकांचें अंतर आहे, धर्म निराळा, भाषा निराळी, समाज निराळा. तरी मरणाच्या दारांत उभी असलेली स्त्री दोन्हीं ठिकाणीं एकच गोष्ट करते: आपल्या घातकाला झांकते. कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर यांत एक विलक्षण गोष्ट दिसते. मरणोन्मुख माणूस खोटें बोलत नाहीं, या समजुतीवर मृत्युपूर्व जबानीला न्यायालयांत महत्त्व दिलें जातें. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यांत तिला स्थान होतें, आणि 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तें कायम आहे. म्हणजे ज्या क्षणीं सारें जग माणसाकडून सत्याची अपेक्षा करतें, नेमक्या त्या क्षणीं या दोन सती-साध्वी खोटें बोलतात, आणि आपण प्रेक्षक त्या खोट्यालाच त्यांच्या पुण्याईचा कळस मानतों. पुरुषाचें थोरपण सत्यानें सिद्ध होतें आणि स्त्रीचें असत्यानें, ही कसली तुला आहे?

हा प्रश्न विचारणारी एक टीकापद्धति गेल्या शतकांत उदयास आली. तिला स्त्रीवादी टीका म्हणतात. व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेनें 1929 सालीं एक विसंगति जगापुढें ठेवली: काव्यनाटकांत स्त्री राणी म्हणून मिरवते, पण त्याच काळच्या संसारांत तिला स्वतःच्या नांवावर कवडीहि ठेवतां येत नसे. शेक्सपीअरला त्याच्याइतकीच बुद्धिमान् बहीण असती तर तिचें काय झालें असतें, अशी कल्पना तिनें मांडली. आणि उत्तर असें दिलें कीं, तिच्या हातून एकहि ओळ लिहून झाली नसती. 1975 सालीं ज्युलिएट डुसिनबेअर या विदुषीनें म्हटलें कीं, शेक्सपीअरच्या काळीं स्त्रीविषयींचे विचार पालटत होते व नाटककार त्या पालटाला अनुकूल होते. 1983 सालीं लिसा जार्डिन हिनें हें मत खोडून काढलें. रंगभूमीवरच्या बोलक्या नायिकेवरून घरांतल्या स्त्रीच्या स्वातंत्र्याचें अनुमान काढूं नये, असा तिचा सूर. 1989 सालीं डिम्प्ना कॅलहन हिनें 'ऑथेल्लो', 'किंग लिअर' आणि वेब्स्टर याचीं दोन नाटकें यांचा एकत्र अभ्यास करून शोकांत नाटकांत स्त्रीची घडण कशी केली जाते हें तपासलें. या सर्वांच्या मागें जोन केली या इतिहासकर्तीचा 1977 मधील एक साधा सवाल आहे: ज्याला आपण पुनरुज्जीवन म्हणतों, तें स्त्रियांच्या वांट्याला आलें होतें काय?

त्या काळचा इंग्रजी कायदा पाहिला म्हणजे या सवालाचें मर्म ध्यानांत येतें. पतीनें पत्नीला मारलें तर तो खून ठरे. परंतु पत्नीनें पतीला मारलें तर तो नुसता खून नव्हे, तर लहान प्रमाणावरचा राजद्रोह ठरे. 1351 च्या कायद्यानें पति हा घरचा राजा मानला होता, आणि या गुन्ह्यासाठीं स्त्रीला जाळण्याची शिक्षा होती. ती 1790 सालीं बंद झाली. ज्या प्रेक्षकांनीं डेस्डिमोनेचा शेवट पाहिला, ते या कायद्याच्या छायेंत वाढलेले होते. पतीच्या हातून मरतांनाहि पत्नीनें घरच्या राजाविरुद्ध साक्ष देऊं नये, हें त्यांना शिकवावें लागत नव्हतें.

आतां नाटकाचा आरंभ पहा. पहिल्या अंकांतील डेस्डिमोना मुकी नाहीं. व्हेनिसच्या सभेंत, पित्यासमोर आणि राज्यकर्त्यांसमोर, ती स्पष्ट सांगते कीं, हा वर मीं माझ्या मनानें निवडला. बाप हरतो, पण जातां जातां जांवयाला बजावतो कीं, हिनें बापाला फसविलें आहे, तुलाहि फसवील. सारें विष या एका वाक्यांत आहे. खलपुरुष इयागो तिसऱ्या अंकांत हेंच वाक्य उकरून ऑथेल्लोच्या कानांत ओततो, आणि तो फसतो. एकदां स्वतःच्या इच्छेनें वागलेली स्त्री पुन्हां केव्हांहि स्वेच्छेनें वागेल. म्हणून तिची इच्छा हाच तिच्याविरुद्धचा पुरावा! हातरुमालाचें प्रकरण हें केवळ निमित्त. खरा पुरावा पहिल्याच अंकांत दाखल झालेला असतो.

वेब्स्टर याच्या 'मॅल्फीची डचेस' या नाटकांत हीच गोष्ट अधिक भीषण रूपानें येते. हें नाटक 1613 च्या सुमारास रंगभूमीवर आलें व 1623 सालीं छापलें गेलें. तरुण विधवा डचेस आपल्या कारभाऱ्याशीं गुप्तपणें विवाह करते. तिचे दोन भाऊ, त्यांपैकीं एक धर्माधिकारी, घराण्याची अब्रू गेली म्हणून तिचा छळ करतात व तिला गळा आवळून मारवितात. तिचा अपराध एवढाच कीं, वैधव्यानंतर तिनें पुन्हां संसार मांडला. वेब्स्टर तिला शेवटपर्यंत धीट ठेवतो. मरतांना ती आपल्या लेकरांच्या औषधाची काळजी करते. परंतु ती चौथ्या अंकांतच मरते, आणि पांचवा सबंध अंक पुरुषांच्या पश्चात्तापाला आणि सूडाला दिलेला आहे.

विधवेचा पुनर्विवाह आणि घराण्याची अब्रू, हे शब्द ऐकतांच आपण इंग्लंडांतून महाराष्ट्रांत येतों. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचें 'ऑथेल्लो'चें भाषांतर 1867 सालीं निघालें. पुढें 1883 सालीं गोपाळ गणेश आगरकर यांनीं 'हॅम्लेट'चें रूपांतर 'विकारविलसित' या नांवानें प्रसिद्ध केलें. येथें एक मौजेची, पण विचार करण्याजोगी गोष्ट आहे. हॅम्लेटच्या मनांत साऱ्या स्त्रीजातीविषयीं जो तिरस्कार भरतो, त्याचें मूळ आईच्या दुसऱ्या लग्नांत आहे. मूळ नाटकांत आक्षेप आहे तो लग्नाच्या घाईवर आणि दिराशीं लग्न करण्यावर. पण विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीं होऊनहि ज्या समाजांत विधवेचें दुसरें लग्न म्हणजे महापाप वाटत होतें, त्या समाजाच्या कानीं हॅम्लेटचा संताप कसा पडला असेल? आणि रूपांतरकार कोण, तर स्त्रियांच्या हक्कांसाठीं पुढें 'सुधारक' पत्रांतून आयुष्य झिजविणारे आगरकर! ज्या नाटकाच्या नायकाचा राग विधवेच्या लग्नावर आहे, तेंच नाटक विधवाविवाहाच्या कैवाऱ्यानें मराठींत आणलें. यावरून एवढें दिसतें कीं, थोर कलाकृति उचलतांना तिच्या पोटांतील पूर्वग्रहहि आपोआप बरोबर येतात. ते निराळे काढून तपासणें हें काम वाचकाला स्वतःच करावें लागतें.

गोविंद बल्लाळ देवल यांनीं 1890 सालीं 'ऑथेल्लो'ला मराठी वेष चढवून 'झुंझारराव' लिहिलें. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनेची कमळजा झाली आणि इयागोचा जाधवराव. हा काळ ध्यानांत घ्या. तीनच वर्षांपूर्वीं, मार्च 1887 मध्यें, मुंबईच्या हायकोर्टानें रखमाबाईंना हुकूम केला होता कीं, नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंग भोगा. अजाण वयांत लावलेलें लग्न आपणांस मान्य नाहीं, असें त्या म्हणत होत्या. तुरुंग पत्करीन, पण जाणार नाहीं, हें त्यांचें उत्तर. 1888 सालीं तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढें सुरत व राजकोट येथें त्यांनीं रुग्णसेवा केली. 'झुंझाररावा'नंतर दुसऱ्याच वर्षीं, 1891 सालीं, संमतिवयाचा कायदा झाला, आणि त्यावरून महाराष्ट्रांत रणें माजलीं. पत्नीची इच्छा ही कांहीं वस्तु आहे कीं नाहीं, हा वाद घराघरांत चालू असतांना प्रेक्षक रंगभूमीवर कमळजेचा अंत पाहत होते. हा योगायोग नाटकाच्या इतिहासांत नोंदला गेला पाहिजे. देवलांनीं पुढें 1899 सालीं 'शारदा' लिहिलें. त्यांचें हें एकच नाटक सर्वस्वीं स्वतंत्र आहे, आणि त्यांतील मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधली जात असतां आपलें दुःख आईजवळ बोलून दाखविते. कमळजेपासून शारदेपर्यंतचें अंतर नऊ वर्षांचें. पण मौनापासून बोलण्यापर्यंतचा हा प्रवास मराठी नाटकानें केला, हें आपल्या रंगभूमीला भूषणावह आहे.

बोलण्याचा विषय निघाला म्हणून एमिलियेकडे पुन्हां वळूं. ही इयागोची बायको. विद्वत्ता नाहीं, मोठें कुळ नाहीं. हातरुमाल नवऱ्याच्या हातीं तिनेंच दिलेला. पण चौथ्या अंकाच्या शेवटीं ती डेस्डिमोनेला जें सांगते, तें सबंध नाटकांतील सर्वांत शहाणपणाचें बोलणें आहे. तिचें म्हणणें असें: बायकांनाहि नवऱ्यांप्रमाणें डोळे आहेत, जीभ आहे, गोड-कडू कळतें; बायका चुकल्या तर त्या धड्याचे पंतोजी त्यांचे नवरेच असतात. आणि शेवटच्या प्रवेशांत नवरा गप्प बस म्हणून दरडावीत असतां ती सत्य उघड करते, व त्याच्या तरवारीनें मरते. डेस्डिमोना खोटें बोलून मरते, एमिलिया खरें बोलून. आधीं ऑथेल्लो डेस्डिमोनेच्या त्या शेवटच्या असत्याचाहि तिच्याविरुद्ध उपयोग करतो. खोटें बोलून नरकांत गेली, असें म्हणतो. म्हणजे जिच्या खोट्यानें तो वांचावयाचा, तिलाच तो खोटेपणाचा डाग लावतो. शेक्सपीअरनें या दोघी एकाच शय्येजवळ ठेवल्या आहेत. आपण मात्र पूजेला एकीलाच निवडलें.

एमिलियेचा हा सवाल आपल्या विदर्भांतल्या एका स्त्रीनें 1882 सालींच विचारला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्री-पुरुष तुलना' हें लहानसें पुस्तक लिहिलें. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली, हें त्याचें निमित्त. जे दोष स्त्रियांच्या माथीं मारतां, ते पुरुषांत नाहींत काय, हा त्यांचा रोखठोक प्रश्न. स्त्रियांना दूषणें देणाऱ्या कथापुस्तकांचाहि त्यांनीं खरपूस समाचार घेतला. त्यासाठीं त्यांना इंग्रजी नाटकाची दीक्षा घ्यावी लागली नाहीं.

या साऱ्या नायिका मूळांत पुरुषांनींच रंगविल्या, ही गोष्टहि विसरतां येत नाहीं. इटलींत इझाबेला आंद्रेइनी हिच्यासारख्या नटी सोळाव्या शतकांत गाजल्या होत्या. पण इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर 1660 पर्यंत स्त्रियांचीं कामें मुलगे करीत. त्या वर्षीं 8 डिसेंबर रोजीं लंडनला 'ऑथेल्लो'च्याच खेळांत प्रथम एक स्त्री डेस्डिमोना म्हणून उभी राहिली. आपल्याकडे बालगंधर्वांची सिंधु अजरामर झाली. त्यांची नेसण्याची तऱ्हा कुलीन स्त्रियांनीं उचलली, हें सर्वश्रुत आहे. पुरुषानें लिहिलें, पुरुषानें नटविलें, आणि तें पाहून स्त्रियांनीं स्त्रीपण शिकलें! यांत बालगंधर्वांच्या कलेला यत्किंचितहि उणेपणा नाहीं. पण आरसा कोणाच्या हातीं होता, एवढें तरी आपण ओळखावें. 1933 सालीं 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं केल्या, आणि आरशाचा हात हळूंहळूं पालटूं लागला.

लेखणीचेंहि तसेंच. 1613 सालीं एलिझाबेथ केअरी या बाईचें 'मरियम' हें शोकांत नाटक छापलें गेलें. राजा हेरोद मत्सरानें आपल्या निर्दोष राणीला मारवितो, ही कथा. म्हणजे 'ऑथेल्लो'चीच जातकुळी. पण येथें लेखणी स्त्रीच्या हातीं आहे, म्हणून एक गोष्ट निराळी घडते: मनांत राग असतां मुखावर हंसूं आणण्यास मरियम नकार देते. ती खोटें वागत नाहीं, आणि त्यासाठींच मरते. आपल्याकडे हिराबाई पेडणेकर यांनीं 'संगीत दामिनी' लिहिलें, आणि तें 1912 सालीं रंगभूमीवर आलें. अशीं नांवें फार थोडीं आहेत, आणि जीं आहेत तीं आपल्या घरच्या मुलींना ठाऊक नसतात.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, डेस्डिमोना आणि सिंधु यांचें खोटें ही प्रेमाची पराकाष्ठा आहे. तिला कायद्याच्या तागडींत तोलणें हा रसभंग होय. आक्षेप वाजवी आहे. प्रेमाची ती पराकाष्ठा असेलहि. गडकऱ्यांनीं सिंधूला उभें केलें तें दारूचा धिक्कार करण्यासाठीं, बायकांनीं मार खावा म्हणून नव्हे. शिवाय त्याच नाटकांत तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याच्या व्यसनाविषयीं तोंड उघडून बोलते. पण प्रेक्षक काय करतो? सिंधूसाठीं रडतो आणि गीतेच्या फटकळपणाला हंसतो. नाटककारानें दोन्ही वाटा दाखविल्या. एकीला देव्हारा आणि दुसरीला हंसें, ही वांटणी आपली आहे. आणि ज्या गुणाला देव्हारा मिळतो, तोच गुण घरांतल्या मुली उचलतात.

म्हणून हा प्रश्न पुस्तकी नाहीं. हाताला पट्टी बांधून घेतांना 'पाय घसरला' म्हणून सांगणारी स्त्री कोणत्याहि गांवच्या दवाखान्यांत भेटते. तिनें 'ऑथेल्लो' वाचलेलें नसतें. पण त्या खोट्याला थोरवी देणारीं नाटकें, गाणीं आणि कहाण्या तिच्या कानांवरून लहानपणापासून गेलेल्या असतात. 1983 सालीं पत्नीच्या छळाबद्दल दंडविधानांत स्वतंत्र कलम आलें, 2005 सालीं कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा झाला. पण कायद्याला आधीं कोणीतरी खरें सांगावें लागतें. सांगणारीला घरांत गीतेचें हंसें वांट्याला येत असेल, तर कायदा कागदावर राहतो.

आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीकडून या बाबतींत मोठी आशा आहे. दंडारींत पुरुषच लुगडें नेसून स्त्रीचें सोंग घेत आले. आज झाडीपट्टीच्या नाटकांतून स्त्रिया भूमिका करतात, रात्रीबेरात्रीं गांवोगांव प्रवास करतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां या रंगभूमीचें नांव देशभर गेलें. शहरांतील नाटकगृहें ओस पडलीं म्हणून हाकाटी होत असतां येथें हजारों माणसें थंडींत कुडकुडत पहाटेपर्यंत बसतात. इतका मोठा आणि इतका मनापासून पाहणारा प्रेक्षकवर्ग ज्या लेखकाला लाभतो, त्याच्या एका वाक्याचें वजन शंभर व्याख्यानांहून अधिक असतें. त्यानें सिंधूला रंगभूमीवरून घालवावें असें मी म्हणत नाहीं. पण एखाद्या नाटकांत फौजदार दारीं येईल, तेव्हां नायिकेला खरें बोलूं द्यावें. आणि तें बोलल्यावर तिला त्याच अंकांत मारून न टाकतां पुढच्या अंकांत जगूं द्यावें.

आपण श्रोत्यांनीं करावयाचें काम त्याहून सोपें आहे. घरांत मुलांबरोबर नाटक किंवा चित्रपट पाहिला, तर मग दोन प्रश्न अवश्य विचारावे. ही नायिका चांगली आहे असें आपण कशावरून ठरविलें? आणि तिच्या शेजारीं उभी राहून खरें बोलणारी जी दुसरी होती, तिचें नांव आपल्या ध्यानांत राहिलें काय? डेस्डिमोनेसाठीं अश्रु ढाळण्यास कोणाचीच हरकत नाहीं. एमिलियेचें नांवहि तितक्याच आदरानें घेतलें जावें, एवढेंच मागणें आहे.